मदत हवी आहे: हॉस्पिटलच्या नळाचं पाणी नीट कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, मी भुसावळला एका छोट्या हॉस्पिटलात मेंटेनन्स बघतो. आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्रीसुद्धा कोमटच असतं, आणि लिजिओनेलाला (पाण्याच्या तुषारांतून न्यूमोनिया करणारा जंतू) तेच पाहिजे, तो २५ ते ४५ डिग्रीत जोमात वाढतो, वरून क्लोरीन पण उन्हानं उडून जातं. काल महिनाभर बंद असलेल्या रूमचा शॉवर खोलला तर आधी तांबूस पाणी आलं नि जाळीत हा एवढा बुळबुळीत थर, अंगावर काटाच आला.

पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट रोज करतो, पण टाकीजवळच, शेवटच्या नळाला कधी केलीच नाही (चूक आमचीच). हा जंतू वाढू नये म्हणून गीझर ६० डिग्रीवर ठेवायचा तर पेशंटला भाजायची भीती, नळाआधी थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व बसवलाय का कोणी? सॅम्पलला थायोसल्फेटवाली (क्लोरीनचा असर थांबवणारी) बाटली लागते ते कळलं, पण जळगाव-धुळ्यात लिजिओनेला कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करणारी लॅब आहे का, की नाशिक-पुण्यालाच पाठवायचं? आणि आयसीयूच्या सिंकचं सॅम्पल स्यूडोमोनाससाठी (नळात राहणारा दुसरा एक जंतू) पहिल्या धारेचंच घ्यायचं ना भाऊ?