नाचणीच्या आंबिलाचं तयार पीठ: मागणी तपासायला सर्वे कसा घ्यावा?

रानमेवा:
कोथरूडमधून घरगुती पातळीवर आंबिलाचं तयार पीठ काढायचं आहे. ताकाची पावडर, जिरं, मीठ घातलेलं. गार पाण्यात कालवून उकळायचं. २०० ग्रॅमचं पाकीट, किंमत ९० ते १४० रुपये. पाकिटं छापण्याआधी मागणी कळायला हवी. सोसायटीच्या ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ५० उत्तरं मिळाली तर पुरतील का?

आकडेमोड:
सोसायटीचा ग्रुप मागणी मोजायला नको. ओळखीची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. तिथल्या पाच जणांकडून फक्त फॉर्म तपासून घ्या. जिथे ते अडखळतील तो प्रश्न बदला.

५० उत्तरांत मिळालेली टक्केवारी खऱ्या आकड्यापासून साधारण १४ टक्क्यांपर्यंत वरखाली असू शकते, १०० मध्ये १० आणि ४०० मध्ये ५. तेही माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणालाही झुकतं माप न देता निवडली असतील तरच. त्या पन्नासांचे पुन्हा कोथरूड, हडपसर, पेठा असे तुकडे पाडलेत तर वाट्याला सोळा-सतराच येतात, त्यावरून तुलना करू नका.

पहिला प्रश्न: घरचा किराणा कोण आणतं? दुसरंच कोणी आणत असेल तर फॉर्म तिथेच संपवा. ‘असं पीठ आवडेल का?’ हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: गेल्या सात दिवसांत न्याहारीला काय काय झालं? विकतचं तयार पीठ शेवटचं कधी आणलं, कितीला? परत आणलं का, नसेल तर का नाही? तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त या शेवटच्या उत्तरात सापडेल.

गुलबक्षी:
किंमत आधी सांगू नका, नाहीतर उत्तरं त्याच आकड्याभोवती फिरतात. पाकीट हातात द्या, आंबील चाखायला द्या आणि किंमत ठरवण्याच्या व्हॅन वेस्टेनडॉर्प पद्धतीचे (१९७६) चार प्रश्न विचारा: कितीला इतकं स्वस्त वाटेल की दर्जाची शंका येईल? कितीला स्वस्तात मिळालं असं वाटेल? कितीला महाग, तरी घ्याल? कितीला घेणारच नाही? चारही उत्तरांचे आलेख एकावर एक काढले की चालणाऱ्या किमतीचा पट्टा दिसतो.

मग त्या पट्ट्यातली एक किंमत सांगून ‘नक्की घेईन’पासून ‘नक्की नाही’पर्यंत पाच पर्याय द्या. हिशोबात फक्त ‘नक्की’ धरा. ‘बहुधा’वाले मिळवलेत की पीठ घरात पडून राहील.

रानमेवा:
सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना विचारलं तर?

आकडेमोड:
एकटी सारसबाग नको. तब्येतीसाठी पहाटे उठणारा माणूस नाचणीला हो म्हणणारच. संध्याकाळी किराणा दुकानाबाहेरही उभे राहा, दर तिसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवा, आणि किती जणांनी नकार दिला तेही लिहून ठेवा.

गुलबक्षी:
शेवटी ‘नक्की’ म्हणणाऱ्यांना पुढच्या आठवड्याच्या पाकिटाचे पैसे यूपीआयने आगाऊ मागा. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र त्याआधी हातात हवी.