मदत हवी आहे: घरातल्या घरात मोबाईलने काढलेले फोटो हललेले येतात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, पण काल रात्रीचे फोटो बघून डोकंच फिरलं म्हणून धागा काढतोय.

माझी भाची ३ वर्षांची आहे, एका जागी बसणं हा प्रकार तिला माहीतच नाही. काल सोफ्यावर उड्या मारत होती, मी उभ्या उभ्या पंचवीस-तीस फोटो मारले आणि त्यात धड म्हणावा असा एक नाही. एका फोटोत मागच्या भिंतीवरचं घड्याळ इतकं लख्ख आलंय की आकडे वाचता येतात, आणि पोरीच्या जागी पिवळा फ्रॉक बोळ्याने पुसल्यासारखा, हात तर चक्क तीन दिसतायत!

फोन ५० मेगापिक्सेलवाला आहे, कॅमेरा चांगला म्हणूनच घेतला होता. लेन्स पुसून झाली, ५० मेगापिक्सेल मोड लावून बघितला, नाईट मोड लावला तर अजूनच भूत आलं. दिवसा बाहेर हाच फोन झकास फोटो काढतो. मग घरातच काय होतं? फोन बदलायचा सल्ला प्लीज देऊ नका, तो घरचे रोज देतायत.

प्रतिसाद

घड्याळ लख्ख आलंय ना, मग तुमचा हात हलला नाही, लेन्सही ठीक आहे. हललीय ती पोरगी. फोनमधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, समोरच्याच्या उड्या नाही. गॅलरीत त्या फोटोचे डिटेल्स उघडा आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं) आणि आयएसओ (फोनने आलेला उजेड किती वाढवून दाखवला) किती आहे ते इथे टाका.

धागाकर्ता

बघितलं. १/१७ आणि आयएसओ १६००. म्हणजे चांगलं की वाईट?

प्रतिसाद

उडी मारणाऱ्या पोरासाठी वाईटच. सेकंदाचा सतरावा भाग शटर उघडं होतं, तेवढ्यात हात वीतभर सरकतो. असा फोटो थांबवायचा तर निदान १/१२५ पाहिजे, जमलं तर १/२५०. आता १/१७ वरून १/१२५ ला गेलात की आत येणारा प्रकाश सातपटीने कमी होतो, मग फोन आयएसओ १२००० च्या आसपास नेणार आणि तोंडावर रवा सांडल्यासारखं दिसणार. त्यामुळे प्रो मोडमध्ये आकडे फिरवून फार काही हाती लागणार नाही, आधी उजेड वाढवा. दिवसा खिडकीपाशी खेळायला बसवा आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करून किंवा बाजूला उभे राहा, खिडकी तिच्या मागे आली तर चेहरा काळा पडेल.

आणि तीन हात का, तर फोन एक फोटो काढतच नाही, पटापट चार-आठ काढून एकमेकांवर बसवतो. नाईट मोडमध्ये तर हे काम सेकंद-दोन सेकंद चालतं. घड्याळासाठी उत्तम, भाचीसाठी नाही :)

प्रतिसाद २

५० मेगापिक्सेल मोड घरात बंदच ठेवा. एरवी बऱ्याच फोनमध्ये चार पिक्सेल मिळून एक होतो, म्हणजे फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा पण अंधारात बरा येतो. फुल मोडमध्ये तो फायदा जातो. रात्री प्रो मोड वापरलाच आणि फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नका, दिव्यांची फडफड असते ती, ५० हर्ट्झची वीज असेल तर शटर १/१०० ठेवून बघा, बहुतेक जातात. अजून एक, उडीच्या टोकाला पोरगं क्षणभर थांबतं, तेव्हा बटण दाबा. बर्स्ट (एका दमात पटापट अनेक फोटो) लावून ठेवलं तर तेही आपोआप सापडतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आज सकाळी खिडकीपाशी ठोकळे मांडून दिले आणि चाळीसेक फोटो काढले, त्यातले सात-आठ मस्त आलेत, एकात तर पापण्या मोजता येतील. डिटेल्समध्ये १/२०० आणि आयएसओ १६० दिसतंय, सेटिंग कशालाच हात लावला नव्हता!

एकच राहिलं. जवळून काढला की नाक भलतंच मोठं येतं, ही पण सेटिंगची भानगड आहे का?

प्रतिसाद

नाही हो, अंतराची. हातभरावर चेहरा असेल तर नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून मोठं दिसतं. पाच-सहा फूट मागे जा आणि २एक्स (दुप्पट झूम) करा. खिडकीच्या उजेडात २एक्सला काही होत नाही, रात्री मात्र टाळा.

धागाकर्ता

अच्छा! म्हणजे फोन दिसला की ती हिसकायला धावत येते, तेव्हाचे सगळे फोटो नाकाचे का आहेत ते कळलं. संध्याकाळी मागे सरकून बघतो, सोफा आडवा येतोय तो आधी हलवावा लागेल.