रील्स आवरायला अजून एक अ‍ॅप काढावं का?

गिरमिट
पोटापाण्यासाठी अँड्रॉइडचं काम करतो. इन्स्टा, फेसबुक, शॉर्ट्स यांत जाणारा वेळ कमी करणारं एक अ‍ॅप डोक्यात घोळतंय. कुलूप लावायचं नाही. इन्स्टावर बोट ठेवलं की दहा सेकंद कोरा पडदा, त्यावर 'काय काम काढलंत?' असा प्रश्न आणि खाली दोन बटणं: 'उघडा' आणि 'राहू दे'.

कल्पना माझी नाही. 'वन सेक' नावाचं जर्मन अ‍ॅप हेच करतं. त्याच्यावरचा अभ्यास 2023 मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला होता. 280 माणसं, सहा आठवडे. पडदा आल्यावर 36 टक्के वेळा लोक माघारी फिरले. शिवाय सहा आठवड्यांत मुळात उघडायला जाण्याचं प्रमाणच 37 टक्क्यांनी उतरलं. मला हे मराठीत, फुकट आणि स्वस्तातल्या फोनवर चालेल असं करायचंय. करू का? स्पष्ट बोला.

खडूस काका
नका करू. अ‍ॅपलचं स्क्रीन टाइम आणि गुगलचं डिजिटल वेलबीइंग 2018 पासून आहे, तेही फुकट. ते वापरणारे काय करतात बघा. आयफोनवर मर्यादा संपली की 'पंधरा मिनिटांनी आठवण करा', 'आजच्यापुरतं सोडा' असे पर्याय येतात. आमच्या चिरंजीवांचा अंगठा न बघता बरोबर तिथेच जातो. तुमच्या 'उघडा'चं तेच होणार. न संपणारं स्क्रोल 2006 मध्ये काढणारा एझा रास्किन पुढे स्वतःच पस्तावला. पण त्याच्या पस्तावण्याने पान काही संपायला लागलं नाही.

मधुमालती
काका, त्याच अभ्यासात पुढे आहे की प्रश्न विचारणाऱ्या मजकुराचा फारसा उपयोग दिसला नाही. सगळ्यात जास्त काम केलं ते परत फिरायच्या बटणाने. तेव्हा गिरमिट, ते 'काय काम काढलंत' आधी उडवा. रात्री अकराला अंथरुणात फोन घेतलेल्या माणसाला सासूबाईंसारखं कशाला विचारायचं? एक मात्र आहे, ते 280 जण आपणहून असं अ‍ॅप घेणारे होते. ज्याला सोडायचंच नाही त्याच्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

पेठेतला पाहुणा
एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. चालू घडामोडींची लेक्चरं यूट्यूबवर, नोट्स टेलिग्रामवर, मेसच्या काकूंचा 'आज संध्याकाळी डबा नाही' हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर. यातलं काय बंद करू? राज्यघटनेचं लेक्चर लावलं की त्याच्या खाली शॉर्ट्सची रांग तयारच. कलम 19 चालू असताना कोणीतरी तांबडा रस्सा ढवळताना दिसतं, आणि मग थेट जेवायलाच उठायचं. दुपारी आमच्याकडे चक्कर मारा. लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक उघडं, त्याला टेकवून फोन उभा, एक इअरफोन कानात. मान खाली असल्याने लांबून सगळेच अभ्यासू वाटतात.

बटणांचा फोन घेऊन बघितलेले मित्र आहेत. ओटीपी येतो, पण फॉर्म भरायला दुसऱ्याचा फोन मागावा लागतो, आणि तो हातात आला की काय होतं ते सांगायला नको. मला यूट्यूब हवंय, शॉर्ट्स नकोत. एवढं जमवा, पडदेबिडदे राहू द्या.

गिरमिट
जमेल, पण त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं वाचण्याची, परवानगी लागते. कोणतं अ‍ॅप उघडलंय हे वापराच्या नोंदींवरून कळतं. यूट्यूबच्या आत शॉर्ट्स सुरू झालंय हे ओळखायचं, तर पडद्यावर काय आहे ते वाचावं लागतं. आणि त्यांनी मांडणी बदलली की आपलं ओळखणं चुकतं, परत दुरुस्ती.

खडूस काका
म्हणजे रील्सपासून वाचण्यासाठी पडद्यावरचं सगळं तुम्हाला वाचू द्यायचं? हीच परवानगी मिळवून चोर लोकांची खाती साफ करतात. आमच्या बँकेचं अ‍ॅप तर अशी परवानगी कुणाला दिलेली दिसली की उघडायलाच तयार नसतं.

गिरमिट
आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अ‍ॅप इंटरनेटची परवानगी घेणारच नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपसोबत असणाऱ्या परवानग्यांच्या यादीत, ती लिहिलेली नसेल तर त्याला नेटशी बोलताच येत नाही, आणि हे कोणालाही तपासता येतं. खातं नाही, जाहिरात नाही, कोड सगळ्यांना खुला. बँकेच्या अ‍ॅपचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. तेवढ्यापुरती परवानगी काढावी लागेल.

वैनगंगा
शाळेत शिकवते. तुम्ही सगळे एकेकट्या माणसाचं बोलताय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये ग्रामसभेत ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. करोनात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेले फोन सुटत नव्हते, म्हणून. तिथे गावातले सगळेच एकदम फोन ठेवतात, त्यामुळे मागे कोणी पडत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने इन्स्टा बंद केलं, तर सहलीच्या ड्रेसचा रंग ठरला तोही तिला बसमध्ये चढताना कळला. तुमचं अ‍ॅप तिला पडदा दाखवेल, मैत्रिणींचं काय? करायचंच तर गटाचं करा. दहा मुली, एकच वेळ.

रात्रपाळी
ताई, आमच्या सोसायटीत सातला भोंगा वाजवला तर पहिली तक्रार भोंग्याचीच येईल. माझी शिफ्ट साडेसहाला सुरू होते, बायकोची तेव्हा संपते. आणि गटाचं अ‍ॅप म्हणजे आला सर्व्हर, आलं खातं, आली 'आज कोण हरलं'ची यादी. फॉरेस्ट अ‍ॅपमध्ये फोनला हात न लावता झाडं वाढवायची असतात. भाचा झाडं दाखवायला म्हणून फोन काढतो आणि तिथूनच इन्स्टात शिरतो.

दुखणं कंपन्यांचं आहे. जून 2020 च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली. जुलैत भारतात रील्स आलं, सप्टेंबरात शॉर्ट्सची चाचणी इथूनच सुरू झाली. अशांना तुमचं कोरं पान पुरणार? ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना खाती ठेवायला मनाई आहे, आणि दंड कंपनीला, पोराला किंवा आईबापाला नाही. मला ते पटतं.

मधुमालती
आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत पाहुण्यांची प्रिलिम होऊन जाईल. आणि छोट्या हत्यारांना इतकं हसू नका. लुई बार्कले या माणसाने फेसबुकवरचे सगळे एका फटक्यात अनफॉलो करून फीड रिकामी करणारं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन काढलं होतं. 2021 मध्ये फेसबुकने त्याला कायदेशीर नोटीस धाडली आणि त्याचं खातं कायमचं बंद केलं. काहीच फरक पडत नसता तर वकील कशाला लावले असते?

खडूस काका
मग गिरमिटांनी वकील आधी बघावा, लोगो नंतर.

गिरमिट
बार्कले त्यांच्या साइटमध्ये शिरून बटणं दाबत होता. मी फोनमालकाच्या परवानगीने त्याचाच पडदा झाकणार. तरी मुद्दा लक्षात ठेवतो. पहिल्या आवृत्तीत फक्त रील्स आणि शॉर्ट्स. प्रश्न काढला, 'राहू दे' मोठं केलं. गटाचं करत नाही, वैनगंगाताई. सर्व्हर आला की नेट आलं, आणि मग काकांना दिलेला शब्द गेला.

वैनगंगा
मग ते ज्यांना आधीच सुटायचंय त्यांच्याच कामाचं. माझ्या वर्गातली एकही मुलगी ते घेणार नाही, लिहून देते.

पेठेतला पाहुणा
मी घेणार. पण माझा फोन स्वस्तातला आहे, बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारं सगळं मारून टाकतो. पहाटेचा अलार्मसुद्धा सोडत नाही. आधी तेवढं बघा.