रिसेप्शनला ताटं किती सांगायची
४०० जणांना आमंत्रण आहे तर केटररला ४०० ताटं सांगू का असं विचारलंयस, तर नको गं, ३२५ ची गॅरंटी दे आणि वर ५० वाढवता येतील हे लेखी घे, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे कितीतरी जण येतच नाहीत नाहीतर साडेनऊला उगवतात. माझ्या बहिणीच्या रिसेप्शनला, मे महिना, ठाण्यातलाच हॉल, पन्हं साडेआठलाच संपलं, स्टेजच्या रांगेत आमची आजी रिकामा ग्लास धरून उभी होती, अजून वाईट वाटतं मला. म्हणून रांगेतच पन्हं आणि कोकम सरबत फिरवायला दोन पोरं वेगळी ठेव. पास्ता वगैरे काउंटर कमी कर, मसालेभात, अळूवडी, गरम जिलबी भरपूर हवी, मठ्ठा तर हवाच. आणि तुमच्या दोघांची ताटं आधीच बाजूला काढायला सांग, नवरा-नवरीच उपाशी राहतात.