मॅरेथॉनच्या सरावात उत्साहापेक्षा शिस्त महत्त्वाची : पटतंय का?

पहाटपल्ला :
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो. नवे बूट आलेले असतात, पहिले तीन आठवडे सगळेच पळतात. मग पाऊस, ऑक्टोबर हीट आणि दिवाळी. गळती तिथे होते. ४२.१९५ किमी उत्साहावर निभत नाहीत, कारण स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढायला, चरबी जाळत पळण्याची क्षमता यायला महिने लागतात. मोठा खंड पडला की ती कमाई काही आठवड्यांत ओसरू लागते. म्हणून आठवड्याचे चार दिवस पक्के हवेत : दोन हलक्या धावा (बोलता बोलता पळता येईल इतक्याच वेगाने), एक वेगाची आणि रविवारी लांब पल्ला. तो १२ किमीपासून वाढवत शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० पर्यंत न्यायचा. दर चौथा आठवडा हलका. कपडे, पाणी, गजर सगळं शनिवारी रात्रीच तयार. पहाटे ‘जाऊ का नको’ हा प्रश्नच उरता कामा नये.

घाटमाथा :
असहमत. वेळापत्रकाच्या अशा हट्टापायीच माणसं जायबंदी होतात. दम लवकर वाढतो. हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी ठणका लागत असेल तर हाडाला बारीक भेग असू शकते. तरीही ‘आज तक्त्यात १८ किमी आहेत’ म्हणून जो पळतो, त्याचे पुढचे सहा-आठ आठवडे घरात जातात. आणि पळणं मुळात आवडत नसेल, तर तक्ता भिंतीवरच राहतो.

पहाटपल्ला :
भेगेचं अगदी बरोबर. दुखतंय तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, हा नियमसुद्धा तक्त्यातच लिहिलेला हवा. पण हलक्या दिवशी अंगात जोर आला म्हणून सुसाट सुटणं, हे काम उत्साहाचंच ना? शर्यतीतही तेच होतं. गर्दीच्या जल्लोषात पहिले पाच किमी दर किमीला १५-२० सेकंद जास्त वेगाने जातात. स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा तिसाव्या किमीनंतर आटतो आणि परतीचा पेडर रोडचा चढ नेमका त्याच सुमारास येतो. पळताना घ्यायच्या एनर्जी जेलचंही तसंच : साधारण २०-२५ ग्रॅम कर्बोदकांचं एक पाकीट दर ४० मिनिटांनी, भूक नसली तरी. थकवा जाणवल्यावर घेतलेलं उशिराच लागू पडतं.

रविवारची_धाव :
एक भर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ असा पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा हुकलेली लांब धाव पुढच्या आठवड्यात दामदुप्पट वसूल करू नका. ती सोडून द्या.

घाटमाथा :
पण त्या अभ्यासातल्या सवयी छोट्या होत्या : जेवणाबरोबर फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. तीन तासांची धाव आपोआप होऊ लागते, हे मला पटत नाही. तिथे दर आठवड्याला मन नव्याने तयार करावं लागतं. त्यासाठी आपल्याच वेगाचे दोन-तीन सोबती गाठा आणि पाचला भेटायचं ठरवा. कोणीतरी कोपऱ्यावर वाट बघत उभं आहे, हे माहीत असलं की माणूस अंथरुणातून उठतो. भिंतीवरच्या तक्त्यात ती ताकद नाही.