पट्ट्यांची फडफड: आधी उतार सावकाश करा

वॉलपेपर इंजिनमध्ये (डेस्कटॉपवर हलते वॉलपेपर दाखवणारं ॲप) आवाजावर हलणारा वॉलपेपर बनवताना ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर पट्ट्या नुसत्या फडफडतात, ठोका दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. सेन्सिटिव्हिटी वाढवून ते सुटणार नाही, उलट फडफड वाढेल.

वॉलपेपर इंजिन वेब वॉलपेपरला (वेबपेजसारखा कोडने बनवलेला वॉलपेपर) सेकंदाला साधारण 30 वेळा आवाजाच्या जोराचे 128 आकडे देतं, एकेका पट्टीला एक: पहिले 64 डाव्या कानाचे, पुढचे 64 उजव्या. प्रत्येक गटात सुरुवातीला खर्ज, शेवटी तार. म्हणजे ढोल पहिल्या काही पट्ट्यांत सापडतो, ताशाची तडतड वरच्या. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की ताशा ढोलाला झाकून टाकतो. दोन्ही बाजूंच्या पहिल्या चार-पाच पट्ट्यांचीच सरासरी घ्या.

मग खरी गंमत. या सरासरीचा नवा आकडा आधी दाखवलेल्यापेक्षा मोठा असेल तर लगेच घ्या. लहान असेल तर जुन्याचे 85 टक्के आणि नव्याचे 15 टक्के मिळवा. चढ झटक्यात, उतार सावकाश. मी नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग लावून हे जुळवलं, आणि ठोका अक्षरशः श्वास घेतल्यासारखा दिसायला लागला! आकडा कधी 1 च्या वरही जातो, तो 1 वरच अडवा.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) 30 वरच ठेवा बाप्पा, लॅपटॉप आधीच तापलेला असतो.