पाचाडला एक मुक्काम कराच

रायगड रोपवेने अर्ध्या दिवसात उरकतो, मग दोन दिवस कशाला, असं एकाने विचारलंय. उरकतो खरा, पण पायथ्याचं पाचाड राहून जातं. शनिवारी दुपारी महाडमार्गे पोचा, गावातच घरगुती सोय बघा (जेवणाचं आधी सांगून ठेवा) आणि संध्याकाळ जिजाऊंच्या वाड्यात घालवा. गडावरची थंड हवा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी तो इथे बांधला, असं सांगतात. आता तटबंदी, जोती आणि विहिरी उरल्यात. त्यातली तक्क्याची विहीर चुकवू नका. काठावर पाठ टेकून बसायला दगडी तक्क्या आहे! जिजाऊंची समाधी जवळच. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला. मध्ये जेमतेम अकरा दिवस. हे तिथे उभं राहून आठवलं की बोलणं थांबतं.

रविवारी उजाडताच पायऱ्यांनी चढा, उतरताना हवं तर रोपवे. वर जगदीश्वराच्या मंदिरात पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर हिराजी इटळकर’ हा, गड बांधणाऱ्या हिराजींचा लेख वाचा. मे महिन्यात मात्र मुळीच जाऊ नका.